आभाय आणि आभाळ

जून संपत आला होता आणि पाऊस लांबला होता. वऱ्हाडातल्या एका जिल्हा परिषद शाळेत मी दुसरीचा वर्ग घेते. त्या सकाळी ढग दाटून आले, म्हणून मुलांना पावसाविषयी बोलते करावे असे ठरवले. वर्गात फारसे न बोलणारी एक मुलगी आपण होऊन उभी राहिली आणि म्हणाली, "आभाय आलं, म्हून माय सकायीच वावरात गेली." मी सवयीने म्हटले, "आभाय नाही, आभाळ म्हणावं." ती खाली बसली. पुढचे आठ दिवस हजेरीच्या वेळेखेरीज तिने तोंड उघडले नाही.

नंतर लक्षात आले, की तिने मला एक पूर्ण गोष्ट सांगितली होती. रखडलेली पेरणी, आकाशाचा रंग पालटताच घाईने शेताकडे निघालेली आई, आणि 'म्हून' या एका अव्ययाने नेमका जोडलेला कार्यकारणभाव. या सगळ्यातून मला ऐकू आला तो फक्त एक 'य'.

हा प्रश्न केवळ प्राथमिक शिक्षकांचा आहे असे मला वाटत नाही. उद्धव शेळके यांची 'धग' १९६० साली प्रसिद्ध झाली. तिच्यातील कौतिकच्या वऱ्हाडी बोलीचे सामर्थ्य आपण पदव्युत्तर वर्गात तासन्‌तास उलगडून दाखवतो. अक्षरओळख नसलेल्या बहिणाबाईंची गाणी १९५२ मध्ये पुस्तकरूपाने आली. त्यांच्या भाषेवर प्रबंध लिहिले जातात. बोली कादंबरीत वा कवितेत आली की ती शैली ठरते. कौतिकच्या पणतीच्या वयाची मुलगी तीच बोली वहीत उतरवते, तेव्हा मात्र तिच्याखाली लाल रेघ येते. बोलीवरचे आपले प्रेम छापील पानापुरतेच आहे काय, हा प्रश्न वाङ्मयाच्या अध्यापकांनीही स्वतःला विचारायला हवा.

मला वाट दाखवली ती एका जुन्या पुस्तकाने. न्यूझीलंडमध्ये माओरी मुलांना शिकवणाऱ्या सिल्व्हिया अ‍ॅश्टन-वॉर्नर यांनी 'टीचर' (१९६३) या पुस्तकात आपली साधी पद्धत सांगितली आहे. प्रत्येक मुलाला त्याला हवा असलेला शब्द विचारायचा, तो जाड कागदावर लिहून त्याच्या हाती द्यायचा. दुसऱ्या दिवशी मुलाला तो ओळखता आला नाही, तर कागद बाजूला टाकायचा. तो शब्द त्याचा नव्हताच. भीतीतून आणि मायेतून आलेले शब्द मुले एकदा पाहून विसरत नाहीत, असा त्यांचा अनुभव होता.

मी बिस्किटांचा एक रिकामा डबा आणि जुन्या लग्नपत्रिकांचे कोरे तुकडे घेतले. रोज सकाळी चार-पाच मुले घरून आणलेला एकेक शब्द देतात. शब्द जसा उच्चारला तसाच मी लिहिते. पुस्तकात तो वेगळा असेल तर खाली दुसऱ्या शाईने तेही रूप लिहिते. वरच्या रूपावर काट मारत नाही. मुले दोन्ही वाचतात.

त्या मुलीची पाळी आली तेव्हा ती हळूच म्हणाली, "डवरा." मी शहरात वाढलेली, मला तो ठाऊक नव्हता. तसे मी कबूल केले. मग तिने उभे राहून सांगितले, की बैल डवरा ओढतात, तो सरकीच्या दोन तासांमधून जातो, त्याने गवत निघते, आणि मागे चालणाऱ्याला नीट धरता आला नाही तर सरकीच उपटते. अख्खा वर्ग तिला दुरुस्त्या सुचवू लागला. त्या सगळ्या औताविषयीच्या होत्या. भाषेविषयीची एकही नव्हती. मी विद्यार्थिनीसारखी ऐकत होते. पश्चिम महाराष्ट्रात अशा औताला कोळपे म्हणतात. मग डव्याखाली, म्हणजे त्या कागदावर दुसऱ्या शाईने, मी काय लिहायचे होते? त्या दिवशी खालची ओळ मी कोरीच ठेवली.

मुलांना प्रमाणभाषा शिकवू नये, असे मी म्हणत नाही. परीक्षा, अर्ज, नोकरी या साऱ्या वाटा तिच्यातूनच जातात. ती न शिकवणे म्हणजे गरिबांच्या मुलांची फसवणूक होईल. प्रश्न क्रमाचा आहे. मूल आधी काय सांगते आहे ते ऐकावे, त्याला उत्तर द्यावे आणि मग दुसरे रूप पुढे ठेवावे. २००९ चा शिक्षण हक्क कायदा सांगतो, की शक्यतो मुलाच्या मातृभाषेतून शिकवावे. आमच्या दाखलखारीज रजिस्टरात त्या रकान्यात सर्वांपुढे 'मराठी' असे लिहिलेले असते आणि तिथेच विषय संपतो. ती मराठी कोणती, हे रजिस्टर विचारत नाही. निदान शिक्षकाने विचारावे.

वाङ्मय शिकवणाऱ्यांना एक सुचवावेसे वाटते. 'धग' शिकवण्यापूर्वी विद्यार्थ्यांना जवळच्या प्राथमिक शाळेत तासभर नेऊन बसवा. त्यांनी काही शिकवू नये, नुसते ऐकावे. त्यांच्यातले काही उद्या शिक्षक होणार आहेत आणि लाल शाईचे पेन त्यांच्या हाती येणार आहे.

ती मुलगी आता बोलते. वहीत अजूनही कधी 'आभाय' लिहिते, कधी 'आभाळ'. मी आधी वाक्य पुरते वाचते.