ब्रीदरच्या नळीचे वकील

लातूरच्या औद्योगिक वसाहतीतील आणि नांदेड रस्त्यावरील गॅरेजांत सध्या एका मताचा मोठा बोलबाला आहे. ते मांडणारे गृहस्थ यंत्रविद्येत अनधिकारी असते तर त्याची दखल घेण्याचे प्रयोजन पडले नसते. परंतु त्यांच्या हाताखाली अनेक कारागीर तयार झाले आहेत आणि वाहनमालकांत त्यांचा शब्द प्रमाण मानला जातो, म्हणून त्यांच्या प्रतिपादनाची झडती घेणे प्राप्त आहे. त्यांची कैफियत थोडक्यात अशी: टर्बोच्या गाडीत ब्रीदरची नळी हवेच्या पाइपाला जोडणे ही कंपनीची चूक आहे, ती सोडवून जमिनीकडे मोकळी टाकावी, म्हणजे इंजिन मोकळा श्वास घेते, त्या नळीत तेल अडवणारा डबा, ज्यास बाजारात कॅच कॅन म्हणतात, तो शौकिनांचा अलंकार होय, कारण कंपनीने आत तेल वेगळे करण्याची सोय केलेलीच असते, आणि रेल्वेचे डिझेल इंजिन पिढ्यानपिढ्या आपली वाफ आकाशात सोडत आले, तेव्हा कोणाचे काय बिघडले? एकाच दमात कंपनी पहिल्या कलमात अज्ञानी आणि दुसऱ्या कलमात सर्वज्ञ ठरते, ही विसंगती त्यांच्या ध्यानी आलेली दिसत नाही.

मुळात वस्तुस्थिती काय आहे? रिंगा कितीही नव्या असोत, ज्वलनाचा काही वायू पिस्टनच्या कडेने खाली क्रँककेसमध्ये उतरतोच. आपले मिस्त्री त्यास बॅक कॉम्प्रेशन म्हणतात. काजळी, पाण्याची वाफ, अर्धवट जळालेले इंधन आणि तेलाचे सूक्ष्म तुषार घेऊन तो बाहेरची वाट शोधतो, आणि ती न मिळाल्यास सीलमधून तेल गळू लागते. ब्रीदरची नळी हीच ती वाट, आणि ती हवेच्या पाइपाला जोडलेली असल्याने तेलाचे तुषार आत शिरणाऱ्या हवेबरोबर इनटेक व्हॉल्व्हवर जाऊन बसतात. पट्ट्यावर फिरणाऱ्या सुपरचार्जरने असो वा धुराच्या जोरावर फिरणाऱ्या टर्बोने असो, हवा दाबून भरली की सिलिंडरातील दाब वाढतो आणि हा उतरणारा वायूही वाढतो. पूर्वीच्या पेट्रोल इंजिनात इंधन आत शिरणाऱ्या हवेबरोबर येई, त्यामुळे इनटेक व्हॉल्व्हची पाठ आपसूक धुतली जाई. 2020 साली आलेल्या थारमधील दोन लिटर पेट्रोल इंजिनासारख्या, थेट सिलिंडरात इंधन फवारणाऱ्या यंत्रात ती सोय उरलेली नाही. डिझेलला ती कधीच नव्हती, आणि त्या तेलात, धुराचा काही भाग परत आत वळवणाऱ्या ईजीआरची काजळी मिसळली की मॅनिफोल्डात अक्षरशः डांबर तयार होते. असा मॅनिफोल्ड उतरवून आत बोट घालून पाहावे: दोन पेरे जाण्यापूर्वीच ते अडते, आणि तो काळा थर डिझेलमध्ये रात्रभर भिजत घालून स्क्रूड्रायव्हरने खरवडल्याशिवाय सुटत नाही.

नळी सोडली की हे तेल आत जाणार नाही, एवढे आमचे प्रतिपक्षी खरे बोलतात, आणि तेथेच थांबतात. घोडे पेंड खाते ते पुढे. नळी निघाली की टर्बोच्या अलीकडच्या पाइपावरील तिचे निप्पल उघडे पडते, आणि ते एअर फिल्टरच्या पुढे असते. त्यास कोठे चिंधी कोंबलेली असते, कोठे सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळलेला असतो, आणि कोठे तेवढेही केलेले नसते. चिंधी आत ओढली गेली तर टर्बोच्या पंख्याचा निकाल लागतो. ती गळून पडली तर चाकूर-अहमदपूर पट्ट्यातील काळ्या रानाची धूळ आणि मळणीच्या हंगामात सोयाबीन-तुरीचा भुसा, फिल्टरची कोणतीही तपासणी न होता, थेट आत दाखल होतो. ती धूळ प्रथम पंख्याची धार खाते, मग लायनर खाते, मग रिंगा खाते. रिंगा झिजल्या की बॅक कॉम्प्रेशन वाढते. ते वाढले की सोडलेल्या नळीतून अधिक धूर निघतो. आणि तो धूर मालकाला दाखवून मिस्त्री सांगतो की पाहा, केवढा कोंडमारा होता, आता इंजिन मोकळे झाले! रोग वाढल्याची खूण हीच उपचाराची पावती म्हणून देणारे वैद्यक अन्यत्र क्वचितच आढळेल. पेट्रोल गाडीत तर मॅनिफोल्डावरील तोंड उघडे राहिल्यास न मोजलेली हवा आत शिरते आणि गाडी उभ्या जागी थरथरू लागते. शिवाय नळीचे मोकळे टोक एकमार्गी नसते: तापलेले इंजिन थांबून निवू लागले की आतील वायू आकसतो आणि बाहेरची धूळभरली, पावसाळ्यात दमट, हवा तेलात ओढली जाते.

आता रेल्वेचा दाखला. वाराणसीच्या कारखान्यात 1964 पासून बनलेले डब्ल्यूडीएम-2 हे सोळा सिलिंडरांचे, 2600 अश्वशक्तीचे इंजिन टर्बोचे होते आणि त्याची वाफ वर जात असे, हे मान्य. परंतु तेथे क्रँककेसमधील वायू खेचून बाहेर टाकण्यासाठी विजेच्या मोटरवर चालणारा स्वतंत्र पंखा होता आणि त्यामुळे आत किंचित निर्वात राखला जाई. आमच्या मित्रांनी मोटर वगळली, पंखा वगळला आणि तेवढे भोक घेतले.

अशाच एका जुन्या वादाचे येथे स्मरण होते. टर्बोची गाडी घाट चढून आल्यावर मिनिटभर इंजिन चालू ठेवून मग चावी फिरवावी, असे आम्ही म्हणत होतो तेव्हा याच संप्रदायाने डिझेलच्या उधळपट्टीचा आरोप आमच्यावर ठेवला होता. पुढे तापल्या दांड्यावर करपलेल्या तेलाने टर्बो जाम होऊ लागले, आणि तोच सल्ला ही मंडळी स्वतःच्या नावावर वाटू लागली. असो.

उरलेल्या कलमांना एकेक ओळ पुरे. कंपनीची सोय थेंब अडवते. एक मायक्रॉन आणि त्याहून सूक्ष्म तुषार तिला बऱ्याच प्रमाणात चकवतात. क्रँककेसची वाफ हवेत सोडण्याचा प्रश्न कॅलिफोर्नियाने 1961 च्या सुमारास हाती घेतला, आणि आपल्या भारत स्टेज मानकांतही पेट्रोल गाडीला ती मुभा नाही. अलंकाराविषयी म्हणाल तर बॉनेटखालचा दागिना कोण पाहतो?

आता आमचे म्हणणे. डबा बंदिस्त असावा, आत पोकळ नसून जाळी व आडपडदे असावेत, आणि त्यातून निघणारी नळी परत मूळ जागीच जोडावी. पेट्रोल इंजिनात वाफेच्या वाटा दोन असतात. हवेचा दाब चढला की मॅनिफोल्डाकडील झडप मिटते आणि वाफ टर्बोच्या अलीकडे वळते, म्हणून एकाच वाटेवर डबा लावून निश्चिंत होऊ नये. डबा ईजीआरची काजळी अडवत नाही आणि झिजलेल्या रिंगा बदलत नाही. मात्र तो किती दिवसांत भरतो यावरून त्या रिंगांची हकीकत कळते. ऑईलचे झाकण काढून चालू इंजिनाच्या तोंडावर उलटे ठेवले आणि ते उडू लागले, तर डबा विकत घेण्यापूर्वी हेड-पिस्टनचा हिशेब करावा.

आणि एक ताकीद. काठोकाठ भरलेला डबा टर्बो एका घोटात ओढू शकतो. तसे झाले तर डिझेल इंजिन स्वतःच्या तेलावरच बेफाम पळते, चावी बंद करूनही थांबत नाही, आणि हवा कोंडल्याखेरीज दुसरा इलाज उरत नाही. तेव्हा वाहनमालकांस विनंती एवढीच: सोडलेली नळी आजच जोडून घ्या, डबा लावलात तर दर आठवड्यास उघडून पाहा, आणि तेवढी सवड नसेल तर डबा लावूच नका.