साडेआठचं कुलूप

'काय ते हॉस्टेलचे दिवस!' परवा पुन्हा एका वर्गमित्राची मेल. रात्री दोनला टपरीवरचा चहा, अंडाभुर्जी, गच्चीवरच्या गप्पा... मुलांच्या हॉस्टेलात, अर्थात! आमच्या गेटला साडेआठला कुलूप. विद्यापीठाची लायब्ररी मात्र अकरापर्यंत उघडी. पाच मिनिटं उशीर झाला की रेक्टरबाईंचं घरी पत्र. का, तर म्हणे सुरक्षितता. अहो, मग कोंडायचं कोणाला? ज्यांची भीती त्यांना, की आम्हाला?

२०१५ मध्ये दिल्लीतल्या मुलींनी 'पिंजरा तोड' म्हणत हेच विचारलं, तेव्हा आमच्याच बॅचच्या काही जणी फणकारल्या, "आम्ही नाही का राहिलो?"

राहिलो ना. मेसची पातळ आमटीसुद्धा (आता) आठवते. पण संदर्भग्रंथ खोलीवर नेता येत नसत, आणि ते वाचायला मुलांना रोज अडीच तास जास्त मिळत.