काठी खाली ठेवा, धामण जाऊ द्या

सौंसर-पांढुर्ण्याच्या शेतकरी बंधूंनो, आयाबहिणींनो, पाऊस लागला की बिळांत पाणी शिरतं, धुऱ्यावरचे साप बाहेर पडतात. त्यांच्यामागे काठ्या निघतात. आधी ठेचायचं, मग कोणता साप होता ते पाहायचं. हे थांबवा. याच हंगामात थांबवा.

धामणीला विष नाही. कपाशीत, संत्र्याच्या बगीच्यात ती तुमच्यासाठी उंदीर मारते. ती गाईच्या पायाला विळखा घालून दूध पिते म्हणतात; अहो, सापाला चोखताच येत नाही! या एका खोट्यापायी किती धामणी गेल्या. धामण मेली की उंदीर वाढतात, धान्यापाशी येतात. उंदरांच्या वासावर नाग येतो, थेट लेकरांच्या अंथरुणापाशी.

म्हणून काठी ठेवा. लेकरं-गुरं मागे घ्या. सापाला वाट द्या. घरात शिरला तर दुरून नजर ठेवा आणि वनविभागाला किंवा जाणत्या सर्पमित्राला बोलवा. स्वतः पकडू नका.

घोरपडीवर तर लोभाची कुऱ्हाड आहे. पैसा येतो म्हणून विकली जाणारी हत्थाजोडी हे झाडाचं मूळ नाही, नर घोरपडीचा कापलेला अवयव आहे. घेऊ नका. विकणाऱ्याची खबर द्या. घोरपड मारणाऱ्याला 3 ते 7 वर्षांची कैद आहे.

बेडूक रात्रभर तुमच्या पिकातले किडे खातो. त्याची कातडी पाणी शोषते, पाण्यातलं औषधही शोषते. जाम नदीकडे जाणाऱ्या नाल्यात फवारणीचा पंप धुऊ नका.

सापाची भीती खोटी नाही, हे मलाही ठाऊक आहे. 2000 ते 2019 या काळात देशात सर्पदंशानं वर्षाला सरासरी 58,000 माणसं गेली. निम्मी जून ते सप्टेंबरात, बहुतेक खेड्यांतली. कुणाचा बाप, कुणाची लेक. यातले पुष्कळ जीव वेळेत दवाखाना गाठला असता तर वाचते. तेव्हा रात्री टॉर्च घ्या, पायात बूट घाला, खाली झोपू नका. चावलाच तर चिरा देऊ नका, करकचून बांधू नका, मांत्रिकाकडे वेळ घालवू नका. हातपाय हलू न देता सरकारी दवाखाना गाठा. तिथलं औषध नाग, मण्यार, फुरसं आणि घोणस, म्हणजे आपली परड, यांच्याच विषापासून बनतं.

हे आज घरात सांगा. बगीच्यातल्या मजुरांना सांगा. उद्या निंदणाला बाया वावरात उतरायच्या आधी सांगा.