हलवायाच्या घरावर तुळशीपत्र

शक्सगाम खोऱ्यात चीनने चालविलेल्या बांधकामाबद्दल भारत सरकारने मे २०२४ मध्ये निषेध नोंदविला आणि १९६३ चा चीन-पाकिस्तान सीमाकरार आपण कधीही मान्य केलेला नाही याचा पुनरुच्चार केला. निषेध रास्तच होता. तथापि या विषयावरील आपली चर्चा १९६३ सालापाशी सुरू होते आणि तेथेच संपते. पाकिस्तानने जे आपले नव्हते ते चीनला देऊन टाकले, एवढे म्हटले की आपले समाधान होते. हे म्हणणे खरे आहे. परंतु त्या मुलखात हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवण्याचा तो पहिला प्रसंग नव्हता. त्याचा धडा इंग्रजांनी आधीच घालून दिला होता, आणि ज्या लहानशा राज्याच्या हक्कांवर हे तुळशीपत्र ठेवले गेले त्या हुंझाचे नावही आज फारसे कोणी घेत नाही. म्हणून ती हकीकत येथे सांगणे आम्हास अगत्याचे वाटते.

गिलगिटच्या उत्तरेस, काराकोरमच्या कुशीत हुंझाचे खोरे आहे. बाल्टितच्या गढीतून तेथील मीर राज्य करीत. हिमनद्यांचे पाणी पाटांनी आणून डोंगरउतारांवरील पायऱ्यापायऱ्यांच्या शेतांत धान्य आणि जर्दाळू पिकवावयाचे, हा तेथील निर्वाह. जमीन थोडी, खाणारी तोंडे अधिक. साहजिकच हुंझाची दृष्टी खिंडींपलीकडे जाई. पलीकडे तागदुम्बाश पामीरची विस्तीर्ण कुरणे होती आणि यार्कंद नदीच्या काठी रास्कमची कसण्याजोगी जमीन होती. तागदुम्बाशमध्ये गुरे चारणाऱ्या किरगीझांकडून हुंझाचा मीर चराई वसूल करीत असे. शाह सलीम खान या पूर्वजाने किरगीझांचा ताश्कुरगानपर्यंत पाठलाग करून दफ्दार येथे विजयाचा दगडी बुरूज रचला, अशी मीरांच्या घराण्यातील परंपरा होती. गिलगिटचे पोलिटिकल एजंट कॅप्टन मॅकमोहन यांनी १८९८ साली मीरांचे हे सारे दावे लिहून ठेवले आहेत.

पाणलोटाची रेषा हीच सीमा, असे नकाशावर बोट ठेवून म्हणणे सोपे असते. मेंढपाळ पाणलोट पाहत नाही. तो गवत पाहतो. हुंझाचा हक्क हा असा पावलांनी आणि नांगराने उमटविलेला हक्क होता. त्यावर कोणाचे शिक्कामोर्तब नव्हते, पण तो वापरात होता.

या हक्काला एक दुसरी बाजूही होती. हुंझाचा मीर दरसाल काशगरच्या चिनी अधिकाऱ्यांकडे थोडे सुवर्णरज पाठवी आणि त्याला रेशमी वस्त्रे व इतर वस्तूंची परतभेट मिळे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून काश्मीरच्या महाराजांकडेही तो नजराणा धाडू लागला. दोन दरबारांना नजर देणारा हा राजा कोणाचा मांडलिक, असा प्रश्न कायदेपंडितांनी पुढे पुष्कळ चघळला. मीराला तो कधी पडला नसावा. दोन बलाढ्य शेजाऱ्यांशी सलोखा राखून आपली खिंड आणि आपले कुरण सांभाळावयाचे, एवढाच त्याचा हिशेब होता. लहानांना दोन्ही डगरींवर हात ठेवावाच लागतो.

तिसरा शेजारी आला तेव्हा हा हिशेब बिघडला. १८८८ साली रशियाचा कॅप्टन ग्रोम्बचेव्हस्की हुंझास येऊन गेला. लगोलग १८८९ साली इंग्रजांनी गिलगिट एजन्सी पुन्हा उभी केली आणि त्याच वर्षी कॅप्टन यंगहजबंड मीर सफदर अली याच्या भेटीस गेला. हा सफदर अली काही साधुपुरुष नव्हता. बापाचा खून करून तो गादीवर आला होता, आणि लेह-यार्कंद मार्गावरील काफिले लुटणे हा त्याच्या राज्याचा जुना धंदा होता. परंतु इंग्रज फौजेने डिसेंबर १८९१ मध्ये हुंझावर चाल केली ती केवळ लूटमार थांबविण्यासाठी, असे समजणे भाबडेपणाचे होईल. रशियाच्या वाटेवरील खिंडी दुसऱ्या कोणाशी संधान बांधणाऱ्या हातांत राहू द्यावयाच्या नाहीत, हे तिचे मुख्य कारण होते. सफदर अली चीनच्या आश्रयास पळाला आणि त्याचा सावत्रभाऊ मुहम्मद नझीम खान यास गादीवर बसविण्यात आले. १८९२ च्या त्या समारंभास चीनचे प्रतिनिधी मुद्दाम बोलावले होते. चीनचा संबंध इंग्रजांनी तेव्हा नाकारला नाही, कारण रशियाला अडविण्यास चीन उपयोगी पडेल अशी त्यांची अटकळ होती.

पुढे १८९५ साली इंग्लंड व रशिया यांनी पामीरची वाटणी केली आणि दोन्ही साम्राज्यांची हद्द एकमेकींस भिडू नये म्हणून वाखानची चिंचोळी पट्टी अफगाणिस्तानच्या अमीराच्या गळ्यात घातली. हुंझाच्या वाट्यास मात्र घासाघीस आली. नझीम खानाने रास्कममध्ये जमीन कसण्याची परवानगी काशगरकडे मागितली होती. चिनी अधिकारी १८९९ साली काही जमिनी देण्यास राजीही झाले. तोच काशगर येथील रशियन कॉन्सल पेट्रोव्हस्की याने आक्षेप घेतला. मूठभर शेतकऱ्यांच्या नांगरामागे त्याला इंग्रजांची तोफ दिसत होती. चीनने हात आखडता घेतला आणि हुंझाचे शेतकरी रिकाम्या हाती राहिले. एका खेड्याच्या पेरणीवर दोन साम्राज्यांचा खल व्हावा आणि पेरणी तेवढी होऊ नये, असा तो प्रकार होता.

त्याच वर्षी, १४ मार्च १८९९ रोजी, इंग्रजांचे पेकिंगमधील वकील सर क्लॉड मॅक्डोनल्ड यांनी चीनपुढे एक प्रस्ताव ठेवला. चीनने हुंझावरील अधिराज्याचा दावा सोडावा. त्या बदल्यात हुंझाचे तागदुम्बाश आणि रास्कमवरील बहुतेक दावे इंग्रज सोडतील, असा त्याचा आशय. यातील व्यवहार नीट पाहावा. चीनने सोडावयाचे ते चीनचे, आणि इंग्रजांनी सोडावयाचे ते मीराचे! हुंझाचा पालक म्हणविणाऱ्याने पाल्याची कुरणे तराजूत घातली. चीनने या प्रस्तावास औपचारिक उत्तर कधीच दिले नाही, त्यामुळे त्याचा करार झाला नाही. तरीसुद्धा त्यातील रेषा पुढील कित्येक नकाशांवर आणि वादांवर आपली छाया टाकीत राहिली.

हुंझाच्या हक्काचा यापुढचा अध्याय १९३५ नंतरचा. सिंक्यांगमध्ये सोव्हिएत रशियाचे वजन वाढले. मीराचे चीनशी असलेले जुने लागेबांधे हे आता इंग्रजांना साधन न वाटता संकट वाटू लागले. ज्या संबंधाचा १८९२ साली समारंभ केला होता तो तोडण्यास १९३६-३७ मध्ये मीरास सांगण्यात आले. भरपाईदाखल वाढीव तनखा आणि जहागीर मिळाली. कित्येक पिढ्यांचा चराईचा हक्क अशा रीतीने वार्षिक रकमेत उतरविला गेला. १८९२ साली गादीवर बसलेला नझीम खानच तेव्हा राज्य करीत होता. १९३८ साली तो वारला.

१९४७ च्या नोव्हेंबरात गिलगिटमध्ये उठाव झाला आणि हुंझाच्या मीराने पाकिस्तानशी संबंध जोडला. काश्मीरच्या महाराजांनी भारतात विलीनीकरण केले असल्यामुळे त्यांच्या मांडलिकाला असा अधिकार नव्हता, ही भारताची भूमिका आहे आणि ती आम्हास मान्य आहे. २ मार्च १९६३ रोजी पाकिस्तान आणि चीन यांनी सीमाकरार केला. भारताच्या हिशेबाने ५,१८० चौरस किलोमीटरचा शक्सगामचा मुलूख पाकिस्तानने चीनच्या पदरात घातला. उलट चीनच्या ताब्यातील सुमारे ७५० चौरस मैलांचा प्रदेश पाकिस्तानकडे आला व त्यात हुंझाच्या लोकांची काही कुरणेही होती, हे नमूद करणे न्यायाचे होईल. मात्र काश्मीरचा प्रश्न सुटल्यावर तेथील सार्वभौम सत्तेने चीनशी पुन्हा वाटाघाटी कराव्यात, असे याच कराराच्या सहाव्या कलमात लिहिलेले आहे. आपण देतो ते आपले नाही, याची देणाऱ्यानेच दिलेली ही कबुली होय. पुढे १९७४ साली पाकिस्तानने हुंझा संस्थानच बरखास्त केले.

मीरांच्या सरंजामी हक्कांसाठी आज एवढा शोक कशाला, असे कोणी विचारील. मीरांची राजवट गेली याचे आम्हास दुःख नाही. परंतु चराई मीराच्या खजिन्यात जात असली तरी मेंढ्या रयतेच्या होत्या आणि रास्कममध्ये नांगर धरणारे हात रयतेचे होते. राजाचा हक्क विकला गेला तेव्हा प्रजेचे पोटही विकले गेले. साम्राज्यांनी मीराला निदान खलिता तरी पाठविला. मेंढपाळाला कोणी काहीच विचारले नाही.

यातून आपण काय घ्यावयाचे? पहिली गोष्ट अशी की जुनी कागदपत्रे सोयीपुरती वाचण्याची सवय आपण सोडली पाहिजे. १८९९ चा प्रस्ताव अक्साई चीनचा भाग चीनकडे टाकतो म्हणून चीनच्या बाजूचे त्याचा आधार घेतात, आणि लिंगझी तांग भारताकडे ठेवतो म्हणून आपल्यातील काहीजण घेतात. ज्यावर दुसऱ्या पक्षाची सही नाही तो कागद दोघांनाही बंधनकारक नाही. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. शक्सगामवरील आपला दावा हा काश्मीरच्या महाराजांकडून आणि त्यांच्या मांडलिकांकडून आपल्याकडे आलेला वारसा आहे. वारसा म्हणजे ठेव. ती ठेव ज्यांच्या नावाची, त्या लोकांची आठवण दाव्याबरोबर ठेवणे आपले कर्तव्य आहे. आजही हुंझासह गिलगिट-बाल्टिस्तानच्या रहिवाशांना पाकिस्तानच्या राष्ट्रीय संसदेत आपले प्रतिनिधी निवडून पाठविता येत नाहीत. त्यांच्या अंगणातून काराकोरमचा महामार्ग जातो, पण तो कोणासाठी व कोणत्या अटींवर जावा हे ठरविणाऱ्या सभेत त्यांना स्थान नाही. शंभरांहून अधिक वर्षांत साम्राज्यांची नावे बदलली. लहानांना वगळून त्यांच्या भूमीचा निकाल लावण्याची रीत बदललेली नाही.

भारताने शक्सगामबद्दल निषेध जरूर नोंदवावा आणि नोंदवीत राहावे. मात्र यापुढील प्रत्येक खलित्यात चौरस किलोमीटरांच्या जोडीला तेथील माणसांच्या हक्कांचाही उल्लेख असावा. तो असला, तर आपला दावा जुन्या साम्राज्यांच्या दाव्यांहून वेगळा आहे असे म्हणण्याचा अधिकार आपणास राहील.