क्ले म्हणजे माती नव्हे!

मंडळी, आजचा विषय आहे कानातले. हसू नका, विषय गंभीर आहे.

"मातीचे दागिने", "नॅचरल क्ले ज्वेलरी", "इको-फ्रेंडली झुमके" अशा पाट्या लावून प्रदर्शनांत, कॉलेजच्या फेस्टमध्ये आणि दिवाळीच्या आधी सोसायट्यांच्या हॉलमध्ये जे विकलं जातं ना, त्यातल्या कित्येक वस्तूंत मातीचा कणही नसतो. ती असते पॉलिमर क्ले. आणि पॉलिमर क्ले म्हणजे पीव्हीसी. होय, तेच. तुमच्या बाथरूममधले पाईप ज्याचे असतात ते. पीव्हीसीची बारीक पूड, ती मऊ राहावी म्हणून प्लास्टिसायझर नावाचं तेलकट द्रव्य, रंग आणि थोडं फिलर. बास.

आता लगेच "हा प्लास्टिकविरोधी दिसतोय" असं समजू नका. मी स्वतः शनिवारी हेच करत बसतो आणि मला हा पदार्थ मनापासून आवडतो. माझं भांडण पदार्थाशी नाही, त्याच्या नावाशी आहे. आमच्या धंद्यात व्हेरिएबलला चुकीचं नाव दिलं की पुढे कोणीतरी रात्रभर डीबग करत बसतो. इथेही तेच चाललंय, फक्त भोगणारे वेगळे आहेत.

या नावाची गंमत बघा. फिमो हा यातला जुना जर्मन ब्रँड. त्याची मुळं कॅथे क्रूझ या बाहुल्या बनवणाऱ्या घराण्यात आहेत. १९६४ च्या सुमारास एबरहार्ड फाबर कंपनीने तो बाजारात आणला, आज तो स्टेडलरकडे आहे. जर्मन लोक त्याला 'मोडेलीअरमासं' म्हणतात, म्हणजे आकार द्यायचा गोळा. माती वगैरे काही नाही. इंग्रजीत त्याची 'क्ले' झाली आणि आपल्याकडे कोणीतरी उत्साहात क्लेची 'माती' केली. संपलं! दोन भाषांतरांत प्लास्टिकचं निसर्गात रूपांतर.

पुण्यात एका प्रदर्शनात (नाव सांगत नाही) मी स्टॉलवर विचारलं, "ताई, हे कशाचं आहे?"
"क्लेचं आहे दादा. एकदम नॅचरल."
"म्हणजे टेराकोटा?"
"हो, तसंच. पण हे तुटत नाही."

तुटत नाही, हे मात्र खरं. नीट भाजलेली पातळ पॉलिमर क्ले वाकते, माती वाकत नाही. पण त्याच हॉलमध्ये पलीकडे खरोखर टेराकोटा घेऊन एक बाई बसल्या होत्या, त्यांचं काय? त्यांना माती चाळायची, मळायची, सावलीत वाळवायची, मग भट्टीत काही शे अंशांवर भाजायची. त्यातली काही तडकणार, ती फुकट. रंग मोजके, वजन जास्त. आणि गिऱ्हाईक त्यांना विचारतं, "तिकडच्या मातीचे कानातले किती हलके आहेत, रंग किती छान आहेत, तुमचे असे का?" याला काय उत्तर देणार? ज्या घरात गणपती शाडूचा की प्लास्टरचा यावर दरवर्षी भाद्रपदात वाद होतो, त्याच घरात पीव्हीसीचे झुमके इको-फ्रेंडली म्हणून येतात. कमाल आहे.

काही जण म्हणतील, बायका घरबसल्या चार पैसे मिळवतात, तुझ्या का पोटात दुखतं? अहो, मिळवू देत की. पण माल खरं नाव सांगूनही विकता येतो. उलट जास्त चांगला विकता येतो, त्याबद्दल पुढे.

आधी ओव्हनचं बोलू. उन्हाळ्याच्या सुट्टीत "मुलांना मातीत खेळू द्या" म्हणून जी शिबिरं भरतात, त्यांतही हीच क्ले असते. माती म्हटलं की आई निर्धास्त. मग पोरगं घरी येऊन जिथे नानकटाई भाजतात त्याच ओटीजीत, त्याच ट्रेवर आपला हत्ती ठेवतं. फिमो ११० अंशांना अर्धा तास भाजायची असते, स्कल्पी २७५ फॅरनहाइटला, म्हणजे साधारण १३५ सेल्सिअस. आणि ओटीजीची चकती १२० वर फिरवली की आत १२० असतं हा समज भाबडा आहे. सळईजवळ खूपच जास्त असू शकतं. पीव्हीसी करपलं की हायड्रोजन क्लोराईड बाहेर पडतं, म्हणजे हवेत ॲसिड. तापमान पाळलं तर घाबरायचं कारण नाही, साधा ओव्हन थर्मामीटर आणि वेगळा ट्रे पुरतो. पण 'माती'साठी थर्मामीटर कोण आणणार?

प्लास्टिसायझरचीही एक कथा आहे. २००२ साली अमेरिकेत व्हर्मॉन्टमधल्या एका जनहित गटाने या क्लेमधल्या थॅलेट्सवर अहवाल काढला. २००८ च्या कायद्याने तिथे मुलांच्या खेळण्यांत तीन थॅलेट्सवर ०.१ टक्क्याची मर्यादा आली. मोठ्या ब्रँड्सनी आपली पाककृती बदलली. बिननावाच्या स्वस्त पाकिटात काय असतं ते मात्र पाकीटच सांगू जाणे. कच्ची क्ले एखाद्या कडक प्लास्टिकच्या डबीत ठेवून बघा, काही दिवसांत बरेचदा डबीच विरघळून चिकट होते. माती असं करते का?

आता विक्रीचं. या कामातली खरी किंमत पदार्थात नाहीच. मुरानोच्या काचकामातून आलेलं मिलेफिओरी नावाचं तंत्र आहे. रंगीत पट्ट्या आणि सळ्या रचून एक जाड उंडा करायचा, अख्ख्या लांबीत एकच चित्र. मग तो चहूबाजूंनी दाबत दाबत बोटाएवढा बारीक करायचा आणि चकत्या कापायच्या. अळूवडीचा उंडा कापला की प्रत्येक वडीत तेच चक्र दिसतं ना, तसं. फक्त इथे चक्राच्या जागी पाकळ्या, केसर, शिरांसकट पान. मधल्या एका रंगाची क्ले जास्त मऊ निघाली की चित्र फिसकटतं आणि तीन तासांचं काम वाया. हे हातात यायला वर्षं लागतात. आणि हे सगळं करणारी बाई स्टॉलवर काय सांगते? "नॅचरल आहे." अहो, तुमचं कसब सांगा की! नॅचरल तर दगडही असतो.

पाटीवर एवढंच लिहा: "पॉलिमर क्ले (पीव्हीसी), हाताने बनवलेले, अमुक ब्रँड." आणि घेणाऱ्यांनो, तुम्ही पुढच्या वेळी एकच प्रश्न विचारा, "किती डिग्रीला भाजलंय?" एकशेदहा, एकशेतीस असं उत्तर आलं तर ते प्लास्टिक आहे, आवडलं तर जरूर घ्या. भट्टी म्हणाल्या तर माती. आणि "भाजत नाही, नुसतं वाळवतो" म्हणाल्या तर बहुतेक फेविकॉल आणि कॉर्नफ्लोअर, त्यावर पुन्हा कधीतरी लिहीन.