रोपें लावण्यापूर्वीं पाण्याचा हिशेब करा

मृगाचा पाऊस पडून जमिनीस वाफसा आला म्हणजे आपल्याकडे वृक्षारोपणाचें वारें वाहूं लागतें. खड्डे खणले जातात, रोपवाटिकांतून रोपांच्या गाड्या भरून येतात, चार प्रतिष्ठित मंडळींच्या हस्तें पहिलें रोप लागतें आणि सर्वजण समाधानानें घरीं जातात. या उत्साहास नांवें ठेवण्याचा आमचा हेतु नाहीं. परंतु कार्तिक उलटला कीं त्याच रोपांकडे कोणी फिरकत नाहीं, आणि वैशाखांत त्या खड्ड्यांतून वाळलेल्या काड्या तेवढ्या उभ्या दिसतात, हेंहि आपण सर्वांनीं पाहिलेलें आहे. महाराष्ट्र सरकारनें २०१६ सालीं दोन कोटी, २०१७ सालीं चार कोटी, २०१८ सालीं तेरा कोटी आणि २०१९ सालीं तेहेतीस कोटी रोपें लावण्याचा संकल्प केला होता. हे आकडे लावण्याचे आहेत, जगविण्याचे नव्हेत. लावणें हें एका दिवसाचें काम आहे, जगविणें हें तीन उन्हाळ्यांचें आहे; आणि कोरडवाहू मुलखांत जगविणें म्हणजे बहुतांशीं पाणी वाहून नेणें होय.

तेव्हां प्रथम हें वाहून नेणें किती, याचा हिशेब पाहूं. सीताफळाचीं रोपें पांच मीटर अंतरानें लावलीं तर एकरीं सुमारें १६० बसतात. मुरमाड माळावर दर रोपास आठवड्यास दहा लिटर पाणी धरलें, तर एकरास आठवड्यास १,६०० लिटर लागतात. नोव्हेंबरच्या आरंभापासून जूनच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत सुमारें बत्तीस आठवडे भरतात. म्हणजे एका एकरास पहिल्याच वर्षीं ५१,२०० लिटर पाणी झालें. एक लिटर पाण्याचें वजन एक किलो. तेव्हां हें एकावन्न टन ओझें आहे. दोनशे लिटरचीं चार पिंपें बैलगाडींत घातलीं तर चौसष्ट खेपा होतात; पांच हजार लिटरच्या टँकरच्या दहांहून अधिक. यांत सांडलवंड धरलेली नाहीं.

हा हिशेब आम्ही इतक्या खात्रीनें सांगतों याचें कारण असें कीं, तो आम्हीं लावणीपूर्वीं न करितां नंतर केला. २०१८ च्या जुलैंत आम्हीं आमच्या माळावर एका एकरांत सीताफळाचीं १६० रोपें मोठ्या हौसेनें लावलीं. त्याच वर्षीं पावसानें दगा दिला आणि ऑक्टोबरअखेर सरकारनें १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. आमची विहीर जानेवारींत तळास गेली. मग भाड्याचा टँकर आणून आम्ही दर रोपास रोज सकाळीं तांब्या-दोन तांबे पाणी घालूं लागलों. रोज पाणी मिळतें म्हणून आम्ही निश्चिंत होतों. परंतु तें पाणी वरच्या चार बोटें मातींतच मुरे आणि दुपारपर्यंत उडून जाई. मुळ्या पाण्याच्या मागें खालीं जाण्याऐवजीं वरच पसरल्या. एप्रिलांत टँकरवाल्यास दुसरीकडे काम मिळालें आणि नऊ दिवस पाणी चुकलें. दहाव्या दिवशीं पाहतों तों बहुतेक रोपें करपून गेलेलीं. पावसाळ्यापर्यंत १६० पैकीं ४७ उरलीं. खरा दोष टँकरवाल्याचा नव्हता, आमच्या रोजच्या तांब्याचा होता.

आतां वरील ५१,२०० लिटरकडे पुन्हां पाहूं. एका एकरावर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे सुमारें चार हजार लिटर पाणी पडतें. म्हणजे सबंध उन्हाळाभर जें पाणी आपण गाडीनें ओढतों, तें तेरा मिलिमीटर पावसाएवढेंच आहे! एवढा पाऊस श्रावणांतील एका दुपारीं पडतो आणि आपल्या डोळ्यांदेखत उतारावरून नाल्यास जातो. हें पाणी फुकट येतें, आपणहून शेतापर्यंत येतें, आणि त्यास ना बैल लागतो ना डिझेल. म्हणून आमचें स्पष्ट मत असें आहे कीं, ज्यानें पावसाचें पाणी रोपाच्या मुळाशीं अडविलें नाहीं, त्यास उन्हाळ्यांत गाडी जुंपण्याचा अधिकार नाहीं.

तें अडविण्याचे उपाय आपणांस ठाऊक आहेत. आळस तेवढा नडतो. उतारावर प्रत्येक रोपाच्या खालच्या अंगास अर्धचंद्राकृति बांध घालावा. खड्डा उन्हाळ्यांतच खणून तापूं द्यावा आणि शेणखत व चांगली माती यांनीं भरावा. लावणी पहिल्या चांगल्या पावसावर करावी. भाद्रपदांत लावलेल्या रोपास मूळ धरण्यास अवधि मिळत नाहीं. पाऊस संपतांच आळ्यांत गवताचें वा पाचटाचें चार बोटें जाड आच्छादन घालावें, मात्र वाळवीच्या भयास्तव तें बुंध्यास टेकूं देऊं नये. पश्चिमेच्या बाजूस तुरकाट्यांची वा पळाटीची सावली करावी. शिवाय बोर किंवा आंबा लावावयाचा असेल तर बीं वा कोय खड्ड्यांतच रुजवून त्याच जागीं पुढें डोळा भरावा किंवा कलम करावें. पिशवींत वाढलेल्या रोपाचें सोटमूळ अनेकदां वेटोळें होतें; जागेवर रुजलेल्याचें सरळ खालीं जातें आणि तें पाण्यास लवकर स्वावलंबी होतें.

एवढें करूनहि वाहून पाणी घालावें लागेलच. तें घालतांना कांहीं गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. रोज थोडें घालण्यापेक्षां आठवड्यानें एकदां, पण मुळाच्या खालपर्यंत पोंचेल इतकें घालावें. घालून झाल्यावर दुसऱ्या दिवशीं एखाद्या आळ्याच्या कडेस पहार मारून ओल किती खोल गेली हें पाहावें. पाणी सायंकाळीं द्यावें, आणि बुंध्याशीं न ओततां आळ्याच्या कडेनें द्यावें. दुसऱ्या वर्षीं आळें रुंद करावें व पाळी लांबवावी, म्हणजे मुळ्या बाहेर व खालीं जातील. रोपाशेजारीं बिनझिलईचें मडकें तोंडापर्यंत पुरून, भरून, झांकून ठेवलें तर पाणी हळूहळू पाझरतें आणि वाफेनें उडत नाहीं. औषधांचीं वा रसायनांचीं रिकामीं पिंपें या कामीं कदापि घेऊं नयेत. मचूळ पाणी केवळ जवळ आहे म्हणून वाहूं नये. पाणी उडून जातें आणि क्षार मुळाशीं राहतो.

वाहनाविषयीं पुष्कळ चर्चा होते. अमेरिकेंतील शेतकरी चार फुगीर चाकांच्या ए.टी.व्ही. नांवाच्या लहान गाडीवर सुमारें शंभर लिटरची टांकी ठेवून रोपांच्या ओळींतून फिरतात. आपल्याकडे कोणी मोटारसायकलीस कॅन बांधतो, कोणी लहान ट्रॅक्टरास टांकी जोडतो. वाहन कोणतेंहि असो, पाण्याचें वजन तेवढेंच. अर्धी भरलेली टांकी मात्र भरलेलीहून दगलबाज असते. आंतील पाणी हेलकावे खातें आणि उतारावर आडवें वळतांना ट्रॅक्टर उलटतो. टांकींत आडवे पडदे असावे, आणि उताराच्या आडव्या अंगानें ती नेऊं नये. आमचा अनुभव असा कीं, माळाच्या उंच टोंकास एक टांकी कायमची ठेवावी, टँकरनें तीच भरावी आणि खालीं नळीनें पाणी उतरवावें. त्यानें खेपा वांचतात, धोका टळतो आणि आळ्यांभोंवतींची माती चाकांखालीं दडपत नाहीं. बैलगाडी वापरणाऱ्यांनीं हेंहि जाणावें कीं, १९६५ च्या नियमांप्रमाणें उष्णमान ३७ अंशांवर असेल तेथें दुपारीं बारा ते तीन बैल जुंपण्यास मनाई आहे. कायदा नसता तरी तेंच योग्य झालें असतें.

आतां एक नाजूक गोष्ट. एप्रिल २०१६ मध्यें मिरजेहून लातुरास पिण्याचें पाणी रेल्वेनें न्यावें लागलें; पहिल्या गाडीनें सुमारें पांच लाख लिटर गेलें. २०१२-१३ च्या दुष्काळांत जालना जिल्ह्यांतील कित्येक बागायतदारांनीं टँकरनें पाणी आणून मोसंबी जगविण्याची शिकस्त केली, तरी पुष्कळ बागा वाळल्या. पंधरा वर्षांचें झाड डोळ्यांसमोर वाळतांना पाहणाऱ्यास उपदेश करणें सोपें नाहीं. परंतु ज्या गांवीं बायामाणसें हंड्यासाठीं रांगेंत उभीं आहेत, त्या गांवच्या विहिरीवरून नव्या रोपांसाठीं टँकर भरणें आम्हांस अनुचित वाटतें. रोप पुढल्या वर्षीं पुन्हां लावतां येतें. हा प्रसंग टाळावयाचा तर रोपांची संख्या आषाढांतील उत्साहावर न ठरवितां वैशाखांतील पाण्यावर ठरविली पाहिजे.

कोणी म्हणेल, शेततळें आणि ठिबक असतां गाडीची चर्चा कशास? ज्यांना तें साध्य आहे त्यांनीं अवश्य करावें. परंतु बांधावर, माळावर व पडीक तुकड्यावर झाड लावणाऱ्या बहुसंख्य शेतकऱ्यांच्या नशिबीं अजून पिंपच आहे, आणि आमचें लिहिणें त्यांच्यासाठीं आहे.

आमची नोकरी महसुलाचे नमुने भरण्यांत गेली. कागदावर एकदां चढलेलें झाड सहसा मरत नाहीं, हें आम्हांस पक्कें ठाऊक आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर पिकांची नोंद शेतकऱ्यानें स्वतः मोबाइलवरून करावयाची झाली. तेव्हां आतां कागदाचा दोष तलाठ्यावर ढकलतां येणार नाहीं. २०१८ च्या भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजनेंतहि अनुदान ५०, ३० व २० टक्के असें तीन वर्षांत विभागलें आहे, आणि पुढील हप्ते झाडें जिवंत असण्यावर अवलंबून आहेत. सरकारास हें कळलें असेल तर आपणांस कां कळूं नये?

आमची सभासद बंधूंस सूचना एवढीच आहे. येत्या वर्षीं ज्यास चाळीस रोपांपुरतें पाणी आहे त्यानें चाळीसच लावावीं, एकशेंसाठ लावूं नयेत. आणि आपल्या संघाच्या सभेंत कोणीं किती रोपें लावलीं हें न विचारतां, तिसऱ्या उन्हाळ्याच्या अखेरीस किती उभीं आहेत हें विचारण्याचा प्रघात पाडावा. आमच्या ४७ पैकीं आज ४१ झाडें फळ देत आहेत. त्या सभेंत आम्ही तोच आकडा सांगूं, १६० चा नाहीं.