मोहोरबंद मैफल

मृत कलावंताची व्यापाऱ्यास एक मोठी सोय असते. तो ‘नाही’ म्हणत नाही. जिवंत गवयाची मनधरणी करावी लागते, त्याच्या लहरी सांभाळाव्या लागतात. आणि इतके करूनही ‘आज सूर लागला नाही, हे ध्वनिमुद्रण पुसून टाका’ असे तो म्हणाला, तर मुकाट्याने मान तुकवावी लागते. मृताबाबत ही अडचण नाही. म्हणूनच कलावंताचे डोळे मिटताच त्याच्या ‘अप्रकाशित’ मैफलींना बहर येतो. अलीकडे या बहरास नवे फळ धरले आहे. काळाआड गेलेली विनाइलची तबकडी परत आली असून, मोजक्याच प्रती, प्रत्येकीवर क्रमांक, जाड पुठ्ठ्याचे आवेष्टन व वर पारदर्शक वेष्टनाची मोहोर, अशा थाटात दिवंगतांच्या मैफली संग्राहकांपुढे मांडल्या जातात. या थाटात विकली जाते ती गायकी नव्हे, गायकीची टंचाई होय, असे माझे स्पष्ट मत आहे. आणि या टंचाईचे गिऱ्हाईक आपण, परमुलखात नोकरी करणारे मराठी लोक, होऊ लागलो आहोत, म्हणून हा लेखनप्रपंच.

या व्यवहाराचे सर्वांत उघडे रूप पाहावयाचे तर पश्चिमेकडे पाहावे. ‘पंक’ नावाचा जो हेतुतः ओबडधोबड, बंडखोर संगीतप्रकार १९७० नंतरच्या दशकात इंग्लंड-अमेरिकेत गाजला, त्याचा आवेशच मुळी बाजाराला शिव्या देण्याचा होता. त्या पंथातील सिड व्हिशस हा तरुण २ फेब्रुवारी १९७९ रोजी न्यू यॉर्क येथे वयाच्या अवघ्या एकविसाव्या वर्षी वारला. आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात त्याच्या जाहीर गायनाची तबकडी ‘सिड सिंग्ज’ या नावाने दुकानात आली. वर्ष सरण्यापूर्वीच बंड पुठ्ठ्यात गुंडाळले गेले!

आमचे अभिजात संगीत कोठे आणि हा धांगडधिंगा कोठे, असे म्हणून सुटका करून घेता येणार नाही. मी हे खातीपुऱ्यात बसून लिहीत आहे. ज्या जयपूरचे नाव आपल्या एका थोर घराण्याने धारण केले, त्याच जयपूरची ही वस्ती. येथून टोंककडे गेले की पुढे उनियारा लागते. तेथे १८५५ साली अल्लादियाखाँसाहेबांचा जन्म झाला. राजस्थानातले हे रोप कोल्हापूरच्या मातीत शाहूमहाराजांच्या आश्रयाने वाढले आणि १९२२ साली महाराजांच्या निधनानंतर मुंबईत त्याचा विस्तार झाला. १९४६ साली खाँसाहेब गेले. त्यांच्या गाण्याची एकही तबकडी नाही. १९२१ पासून अखेरपर्यंत त्यांची तालीम घेणाऱ्या गोव्याच्या केसरबाई केरकर यांनी तबकड्या दिल्या. परंतु त्या तीन-साडेतीन मिनिटांच्या, आणि आपले गाणे कोणी चोरून टिपून तर घेत नाही ना, याविषयी बाई शेवटपर्यंत सावध राहिल्या. गळा शाबूत असतानाच त्यांनी जाहीर गाणे थांबविले. काय ठेवावे व काय विरून जाऊ द्यावे, याचा निर्णय हाही त्यांच्या कलेचाच एक भाग होता.

यावर विचारले जाईल, की मग सारी खासगी ध्वनिमुद्रणे जाळून टाकावयाची काय? मुळीच नाही. खाँसाहेबांचा आवाज आज कोणासही ऐकता येत नाही, ही हानी एवढी मोठी आहे की, तसा अग्रह धरणारा मनुष्य संगीताचा वैरीच म्हटला पाहिजे. मरणोत्तर प्रकाशनास माझा विरोध नाही. तथापि कलावंताची इच्छा बाजूस सारण्याचे एकच समर्थन संभवते : त्याचे गाणे पुढच्या पिढीच्या, विशेषतः विद्यार्थ्यांच्या, कानी पडावे. आणि नेमके हेच समर्थन क्रमांकित प्रत खोटे पाडते. ‘सर्वांसाठी’ म्हणून मृताचा दरवाजा उघडावयाचा, आणि आत शिरल्यावर मोजक्यांसाठी तो पुन्हा लावून घ्यावयाचा, हा कोठला न्याय?

बरे, हे माध्यम तरी मैफलीच्या हिताचे आहे काय? विनाइलच्या एका बाजूत वीस-पंचवीस मिनिटे मावतात. पाऊण तासाचा ख्याल तीत बसवावयाचा तर तो मध्ये कापावा लागतो, नाही तर रंग भरत असतानाच उठून तबकडी उलटावी लागते. लाखेच्या जुन्या तबकड्यांच्या काळात गवयांना तीन मिनिटांत राग आटोपावा लागे, ती त्या युगाची लाचारी होती. (जयपूरच्या मणिहारांच्या रस्त्यात जिच्या बांगड्या होतात, तीच ही लाख.) आज अखंड मैफल साठविण्याची साधने हाताशी असताना ती लाचारी हौसेने विकत घेणे याला रसिकता म्हणावयाचे असेल तर खुशाल म्हणावे.

कायदाही येथे फारसा उपयोगी पडत नाही. १९५७ च्या आपल्या स्वामित्वहक्क कायद्यात गायकवादकांचा स्वतंत्र हक्क आला तो १९९४ च्या दुरुस्तीने, आणि त्याची मुदत १९९९ मध्ये पन्नास वर्षांची झाली. हे गणित लावले तरी १९६० साली झालेल्या मैफलीवरील असा हक्क २०१० अखेर सरतो. उरते ती सभ्यता. सभ्यतेचा खटला न्यायालयात चालत नाही. तो गिऱ्हाइकानेच चालवावा लागतो.

केसरबाईंच्याच एका तबकडीची कथा या संदर्भात मोठी बोलकी आहे. त्यांची ‘जात कहाँ हो’ ही भैरवी अमेरिकेने १९७७ साली ‘व्हॉयेजर’ यानांबरोबर तारकांच्या दिशेने पाठविली. पहिले उड्डाण २० ऑगस्टला, दुसरे ५ सप्टेंबरला. आणि १६ सप्टेंबरला बाई गेल्या. सोन्याचा मुलामा दिलेल्या त्या तांब्याच्या तबकडीहून दुर्मीळ वस्तू कोणती? तरीही ती धाडणाऱ्यांनी सोबत सुई दिली आणि ती कशी वाजवावी, याच्या खुणा आवेष्टनावर कोरल्या. ऐकणारा भेटेल की नाही याची शाश्वती नाही. पण भेटलाच, तर त्याला ऐकता आले पाहिजे! पुढे त्याच तबकडीवरील संगीत पृथ्वीवर विनाइलच्या देखण्या पेटीत निघाले, आणि २०१८ साली त्या पेटीस ग्रॅमी पारितोषिक मिळाले. कशाबद्दल? उत्तम आवेष्टनाबद्दल. अंतराळात सुई गेली, आणि आपल्या वाट्यास पेटी आली.

आता आपल्याविषयी. बदलीच्या नोकरीत घर हलते, भाषा पातळ होते, आणि मग ‘आपले’ असे काही तरी जवळ असावे, ही ओढ लागते. ती ओढ खरी आहे. तिची थट्टा मी करणार नाही. परंतु मोहोर न फोडता एका गावाहून दुसऱ्या गावी नेलेली तबकडी ही संस्कृती नव्हे, ते सामान आहे. राजस्थानीत खाती म्हणजे सुतार. त्याने घडविलेल्या पाटावर कोणी कधी बसलेच नाही, तर त्यास पाट म्हणावयाचा की फळी?

म्हणून घेणाऱ्याने विकणाऱ्यास तीन प्रश्न विचारावेत : ही मैफल कोठे व केव्हा झाली? ती टिपण्यास व छापण्यास कोणाची संमती होती? काय कापले आहे? तबल्याची व सारंगीची साथ कोणाची, हेही आवेष्टनावर नसेल, तर क्रमांकाचे कौतुक करू नये. आणि घेतलीच, तर मोहोर फोडावी, शेजाऱ्यापाजाऱ्यांस, मग ते मारवाडी असोत वा बंगाली, बोलवावे, आणि बदलीचा हुकूम येईल तेव्हा ती तेथल्या संगीत विद्यालयास देऊन जावे. गायकीचा मोठेपणा तिच्या प्रती किती निघाल्या यावर ठरत नाही. ती किती कानांत उतरली, यावर ठरतो.